घर सरेपर्यंत

मागच्या महिन्यात दापोलीहून वेदिका नावाची एक मुलगी माझ्या दुकानात आली. कृषी विद्यापीठात शिकते, पाच जणांचा रॉक बँड आहे, त्यात ती गिटार वाजवते. सकाळची पहिली एसटी पकडून, मध्ये गाडी बदलून, हाडं खिळखिळी करून घेत आली होती बिचारी. आणि एवढं करून तिने मला विचारलं काय, तर, "काका, गिटार वाजवणारा माणूस मोठा कशाने होतो?"

मी मोटर वायंडिंगचं दुकान चालवतो. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या चढावर, बर्फाच्या फॅक्टरीच्या अलीकडे. जळलेले पंप आणि पंखे उघडायचे, त्यांत नवी तांब्याची तार भरायची, हा माझा धंदा. मोठेपणाची चौकशी करायला माझ्याकडे कोणी येत नाही. पण दुकानाच्या भिंतीवर माझ्या मित्राची, महिपतची काळी गिटार टांगलेली आहे, आणि ही मुलगी आल्यापासून तिच्याकडेच बघत होती.

"बोटांचा वेग असतो का? की आवाजाचा पोत? की पुढे किती जण त्याच्यासारखं वाजवायला लागले, त्यावरून ठरवायचं?" प्रश्न तिने वहीत लिहून आणले होते.

मला राग आला. मला तो लवकरच येतो, आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तिची काही चूक नव्हती. आज दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत लग्ना-मिरवणुकीत वाजवणारी कुठलीही बेंजो पार्टी बघा. गिटारवाला रंगात आला की लोकांकडे पाठ करतो, स्पीकरला जाऊन चिकटतो आणि एकच सूर ताणून धरतो. पोरं शिट्ट्या मारतात. हळदीला नवऱ्या मुलाला खांद्यावर घेऊन नाचतात. या प्रकाराला 'महिपतची ओढ' म्हणतात, मुंबईच्या पार्ट्यांतही म्हणे हेच नाव चालतं. ती ओढ कशासाठी होती, हे त्या नाचणाऱ्यांपैकी एकालाही माहीत नाही. म्हणून त्या मुलीला मी बसवलं, चहा मागवला आणि सगळं सांगितलं. तेच इथे लिहितो आहे.

महिपत डोर्लेकर माझ्या वर्गातला. अंगाने काटकुळा, बोलायला महाकंजूष. बाप लवकर गेला. घरात आई हौसाकाकी, महिपत, आणि त्याच्याहून आठ वर्षांनी लहान भाऊ नितेश. त्यांचा विठूकाका मालवाहू जहाजावर फिटर होता. आम्ही नववीत असताना तो सुट्टीवर आला तो ही गिटार आणि चार कॅसेटी घेऊन. कुणा गोऱ्या खलाशाने जाताना त्याला देऊन टाकल्या होत्या. कॅसेटी वाटेत खाऱ्या पाण्याने भिजल्या, त्यामुळे वरची नावं पार धुऊन गेली होती.

आता गंमत बघा. नावंच नाहीत, त्यामुळे महिपतची समजूत झाली की चारही कॅसेटींमध्ये एकच माणूस वाजवतो आहे. एका कॅसेटीत बोटं दिसणार नाहीत असा वेग. दुसरीत तीन सुरांत माणसाला रडवणारा संथपणा. तिसरीत लाकूड कापावं तसा खरखरीत आवाज. चौथीत नुसते तुटक ठोके आणि मध्ये लांबच लांब शांतता. "काय मानूस असंल रे, संद्या," तो मला म्हणायचा. "ह्याला सगळाच येता." मग त्या एका माणसासारखं वाजवायचं म्हणून त्याने दहा वर्षं घातली. ते चार वेगळे लोक होते हे कुणीतरी सांगेपर्यंत महिपतला चौघांचंही येत होतं, आणि शिवाय त्यात स्वतःचं काहीतरी मिसळलेलं होतं. मला विचाराल तर त्याच्या वाजवण्यातली अर्धी जादू त्या खाऱ्या पाण्याची.

दिवसा तो जेटीवर बसून फाटलेली जाळी दुरुस्त करायचा. बोटांना घट्टे आधीच पडलेले, त्यामुळे तारा त्याला कधी टोचल्या नाहीत. पण इथल्या हवेत तारा महिन्याभरात गंजायच्या, आणि नव्या मिळायच्या मुंबईला. मग हा पठ्ठ्या त्या काढून पातेल्यात उकळायचा. हौसाकाकी कावून ओरडायची, "मेल्या, त्यात उद्या मना पेज करायची हाय!" नितेश हसत सुटायचा. नितेश हसरा होता. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं फार काही उरत नाही.

आम्ही बेंजो पार्टी काढली तेव्हा बेंजोवर बाबल्या, पॅडवर मी, ढोल-ताशे वाडीतलेच, आणि गिटारवर महिपत. त्याचा अॅम्प्लिफायर मी स्वतः बांधला होता. लग्नं, हळदी, पालख्या, गणपती, सगळीकडे जायचो.

मिरवणुकीचा एक रिवाज आहे, तो समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. वाटेत ज्या घरात मयत झालेलं असेल, सुतक असेल, त्या घरासमोर वाद्यं बंद करायची. घराच्या दहा पावलं अलीकडे थांबायचं, दहा पावलं पलीकडे गेल्यावर परत सुरू. मधल्या वेळात फक्त जनरेटरची धडधड आणि पायांचा आवाज. बाकीचे आम्ही खटकन तोडायचो. महिपत तसं करायचा नाही. सगळे थांबले की त्याचा शेवटचा सूर तेवढा राहायचा, आणि करंगळीने गिटारवरचं आवाजाचं बटण हळूहळू फिरवत तो तो सूर विझवत न्यायचा. कुठे संपला ते कळायचंही नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "मानूस गेलेल्या घरात धाडकन बंद करू नये. त्यांना आधीच एक धक्का बसलेला असतो." वर्षभरात एवढं लांब वाक्य तो दोन-तीनदाच बोलत असेल.

अशा घरांतल्या बायका तो सूर ऐकून दारात यायच्या, हात जोडायच्या. मला विचाराल तर तो खरा मोठा तेव्हाच झाला होता. पण त्याचा कोणी व्हिडिओ काढला नाही.

दोन हजार अठरा साली, अनंत चतुर्दशीच्या नऊ दिवस आधी, नितेश ज्या ट्रॉलरवर होता तो जयगडच्या बाहेर उलटला. चार माणसं होती. दोघांची प्रेतं मिळाली. तिसरा वाचला, आणि त्याने सांगितलं की नितेश एका निळ्या प्लास्टिकच्या कॅनला धरून तरंगत होता, त्याने स्वतः पाहिला, मग लाट आली आणि दिसेनासा झाला. त्या एका कॅनने त्या घराचं वाटोळं केलं. तो माणूस 'बुडाला' म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

नितेशची बायको नम्रता सव्वीस वर्षांची होती. मुलगी सानिका तीन वर्षांची. शोध चालू होता, होड्या जाऊन रिकाम्या परत येत होत्या, आणि हौसाकाकी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "आमच्या घरात सुतक नाय. माजा पोरगा दर्यात हाय. कंच्या तरी बोटीने उचलला असंल, गुजरातला नेला असंल. येल."

विसर्जनाच्या सकाळी महिपत मला म्हणाला, मी येत नाही. हौसाकाकीने ऐकलं मात्र, ती उठून बाहेर आली. "वाजवाला जा. आज तू घरात बसलास तं लोक काय समजतील? तूच त्याला मेला म्हनलास असा होईल." महिपतने गिटार घेतली आणि माझ्याबरोबर चालायला लागला.

संध्याकाळी मिरवणूक त्यांच्या गल्लीत शिरली. घर दहा पावलांवर आलं आणि बाबल्याने हात वर केला. त्याच्या मनात पाप नव्हतं. त्याला वाटलं, एवढं मोठं संकट त्या घरावर, आपण नाचत-वाजवत कसं जायचं? सगळ्यांनाच तसं वाटलं असणार, कारण ढोल, ताशे, पॅड, सगळं एकदम थांबलं. मीही थांबलो. आमच्या वाडीतल्या माणसांशिवाय ही चूक कोणी केली नसती. परक्याला रिवाजच ठाऊक नसता, तो खुशाल वाजवत पुढे गेला असता.

हौसाकाकी ओट्यावर उभी राहिली. तिचा चेहरा मी विसरलेलो नाही. "कोन मेला?" ती ओरडली. "कोन मेला माझ्या घरात? वाद्य कनाला बंद केलंव?"

कोणाला ढोलाची काठीही उचलायचं सुचलं नाही. तेव्हा महिपतने वाजवायला सुरुवात केली. एकट्याने. चारही कॅसेटी त्याच्या बोटांतून एकामागून एक निघाल्या, तो वेग, ते रडणं, ती खरखर, ते तुटक ठोके. स्पीकर लादलेला टेम्पो रेंगाळत पुढे सरकत होता, घर काही सरत नव्हतं. मग त्याने एक सूर धरला, तारेला बोटाने वर ओढला आणि स्पीकरकडे तोंड करून गिटार त्याला भिडवली. असं केलं की सूर मरत नाही, स्पीकरचा आवाज तारेला परत थरथरवत राहतो. पण थोडं जरी मागे सरलं तरी तुटतो. म्हणून त्याने कपाळ, कान, सगळं स्पीकरला लावलं आणि टेम्पोबरोबर आडवा आडवा चालत राहिला. गल्लीच्या टोकाला घर सरलं तेव्हा त्याने हात काढला. हौसाकाकी खाली बसली. तिच्यामागे नम्रता सानिकाला कडेवर घेऊन उभी होती. त्या दिवशी तिच्याकडे नीट कोणी पाहिलंच नाही.

मुंबईहून आलेल्या कोणीतरी मोबाईलवर ते काढलं. चार मिनिटांचं आहे. त्यात हौसाकाकीचं ओरडणं नाही, ते आधीच होऊन गेलेलं. फक्त स्पीकरला चिकटलेला माणूस आणि तो सूर. महिन्याभरात तो व्हिडिओ कुठल्या कुठे गेला. मुंबईच्या एका मोठ्या ऑर्केस्ट्राकडून बोलावणं आलं, दुबईचा दौरा होता, त्यांनी दोनदा माणूस पाठवला. तारखा गणपतीतल्या होत्या. महिपत नाही म्हणाला.

कारण त्याला आता वाजवणं थांबवायची सोय उरली नव्हती. पुढच्या वर्षी गल्लीत तो सूर नसता, तर त्याचा अर्थ एकच झाला असता. म्हणून दुसऱ्या वर्षी वाजवला. दोन हजार वीस साली मिरवणुका बंद होत्या, तेव्हा हा माणूस तोंडाला मास्क लावून, बॅटरीवर चालणारा छोटा स्पीकर घेऊन एकटाच गल्लीत उभा राहिला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवत गेला. वाडीतल्या खिडक्या उघड्या होत्या.

त्याचे कान कधी जायला लागले ते नेमकं सांगता येत नाही. आधी फोनवर बोलेना. मग समोरच्याच्या ओठांकडे बघून उत्तरं द्यायला लागला. वर्षभर इतरत्र वाजवायचा तिथेही आता लोक ओढच मागायचे, आणि ओढ म्हटली की कान स्पीकरला. डॉक्टरांनी सांगितलं, आतल्या नसा मेल्या, यंत्र लावून उपयोग नाही, निदान राहिलेलं तरी सांभाळा. तो दुकानात यायचा आणि म्हणायचा, "संद्या, जरा वाढव रे. आवाज येत नाय." आणि मी वाढवत गेलो. दरवर्षी थोडा मोठा ट्रान्सफॉर्मर, थोडा मोठा स्पीकर. मित्र म्हणून वाढवत गेलो. त्याचे कान मीच घालवले, हे मी वेदिकाला स्पष्ट सांगितलं. ती ते वहीत लिहीत होती, मध्येच थांबली.

ही मुलगी खरं तर त्याला आधीही एकदा भेटून गेली होती, तीन वर्षांपूर्वी, त्याला थोडंफार ऐकू येत होतं तेव्हा. तिने विचारलं होतं, "सूर किती वेळ धरायचा, हे तुम्ही कसं ठरवता?" महिपत म्हणाला, "घर सरेपर्यंत." तिला वाटलं ही कलेतली काहीतरी गहन गोष्ट असणार. तिच्या बँडने त्या दोन शब्दांचे टी-शर्ट छापून घेतले. हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना.

दोन हजार चोवीसच्या मे महिन्यात हौसाकाकी गेली. शेवटपर्यंत नितेशचं ताट मांडत होती. तिचे दिवस झाल्यावर नम्रता माझ्या बायकोकडे आली. मी आत जेवत होतो, मला सगळं ऐकू आलं. ती म्हणाली, "मना दुसऱ्याच वर्षी कळलेला की हे येनार नाय. दर्भाचा पुतळा करून दिवस घालू या, असा मी सासूला बोलले, तं ती माझ्या अंगावर आली. आनि मग गनपती आले नि भावोजींनी वाजवला. अख्खी गल्ली हात जोडून उभी. मी काय बोलनार? पोरगी शाळेत सांगते, माजा बापूस बोटीवर हाय. नऊ वर्सांची झाली. मी बायको हाय की विधवा हाय, ता मना दरवर्सी त्यांची गिटार सांगते. मना कोनी कदी इचारला काय?"

माझा घास हातात राहिला. नंतरच्या प्रत्येक मिरवणुकीत मी त्या सुराला पॅडवर साथ देत होतो. त्या सुराच्या आत एक बाई कोंडली आहे, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. बायकोने विचारलं, मग भावोजींना सांग ना. नम्रता म्हणाली, "सांगितला. त्यांना ऐकू नाय आला. आनि लिहून द्यावा, तं माझा हात चालत नाय."

मी सांगायला हवं होतं. कागदावर चार शब्द लिहून त्याच्यासमोर धरायला मला कोणी अडवलं होतं? चार महिने मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो आणि पंप दुरुस्त करत राहिलो. त्याच्याकडे आता तेवढंच उरलं होतं, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं म्हणजे मी घाबरलो.

त्या वर्षीच्या अनंत चतुर्दशीला मिरवणूक गल्लीत शिरली तेव्हा मुंबईकर पोरांनी मोबाईल आधीच वर धरले होते. ओढ येणार, सगळ्यांना ठाऊक होतं. घर जवळ आलं. महिपतने नेहमीसारखी सगळ्यांकडे पाठ केली, घराकडेही, आणि कपाळ स्पीकरला टेकवून सूर धरला.

नम्रता दारातून बाहेर आली. गळा रिकामा होता. कपाळही. ती ओट्याच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आली आणि तिने हात वर केला.

बाबल्याने तिला पाहिलं आणि बेंजो सोडला. ढोल थांबले, ताशे थांबले, मी थांबलो. सहा वर्षांपूर्वी थांबलो होतो तसेच. पोरांच्या शिट्ट्या हळूहळू बंद झाल्या. फक्त गिटार चालू राहिली.

"भावोजी, बंद करा," ती म्हणाली.

सूर चालूच होता. कान फाटतील इतका मोठा, मीच मोठा केलेला.

"भावोजी, पुरे झाला आता. बंद करा."

त्याची पाठ आमच्याकडे होती. डोळे मिटलेले असणार. तिसऱ्यांदा ती ओरडली, आणि गल्लीतलं एकही माणूस जागचं हललं नाही. मी पॅड सोडून पुढे गेलो आणि त्याच्या हाताखालून माझा पंजा तारांवर दाबून धरला.

आवाज थांबला हे त्याला माझ्या हातावरून कळलं. त्याने मला असा धक्का मारला की मी टेम्पोच्या फळीवर आपटलो. चाळीस वर्षांच्या मैत्रीत पहिल्यांदाच त्याने माझ्यावर हात टाकला. मग तो वळला. समोर नम्रता उभी होती. तो तिच्या गळ्याकडे बघत राहिला, मग कपाळाकडे, मग ओट्यावर उभ्या असलेल्या सानिकाकडे. त्याचं तोंड लहान मुलासारखं वाकडं झालं. तिने हात जोडले.

महिपतने मान खाली घातली आणि एक तार छेडली. मधला, साधा सूर. स्पीकरकडे तोंड न करता, घराकडे तोंड करून. आणि करंगळी बटणावर नेऊन तो सूर तो विझवत न्यायला लागला, पूर्वी मयताच्या घरांसमोर न्यायचा तसा. अगदी सावकाश. सूर कुठे संपतो हे त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून तो माझ्याकडे बघत होता. सगळा गेला तेव्हा मी मान हलवली, आणि त्याने तारांवरून बोटं उचलली.

पुढच्या आठवड्यात प्रेताच्या जागी दर्भाचा पुतळा करून नितेशचे दिवस घातले. गिटार महिपतने स्वतः माझ्या दुकानात आणून टांगली. तो जेटीवर जाळी दुरुस्त करत असतो, कोणी पाठीमागून हाक मारली तर वळत नाही.

वेदिकाने विचारलं, त्या दिवसाचा व्हिडिओ आहे का? आहे. पोरांनी मोबाईल बंद केले नव्हते. पण तो कोणी कोणाला पाठवला नाही, त्यात नाचण्यासारखं काही नाही. तो सूर संपल्यावर नम्रता रस्त्यातच खाली बसली आणि सहा वर्षं साठवलेलं रडली. त्यात ते नीट ऐकू येतं. गल्लीतल्या प्रत्येक घरात ते ऐकू गेलं. महिपत तिच्यापासून चार हातांवर उभा होता, त्याला तेवढं ऐकू आलं नाही.